जिम्नीची देवकी

‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये’ ही म्हण मी ३४ वर्षं वर्गात शिकवली. अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून घेतला, परीक्षेत दोन मार्कांना विचारली. पण खरं सांगायचं तर ती मला कधीच पटली नाही. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गोदावरीची ती करंगळीएवढी धार पाहून कुणाला राजमहेंद्रीची गोदावरी लहान वाटली, असं मी अजून ऐकलेलं नाही. उलट ती जास्तच मोठी वाटते. मूळ विचारावं, शोधावं आणि सापडलं की चार लोकांना सांगावंही, या मताची मी आहे.

आजचं मूळ मात्र नदीचं नाही, एका मोटारीचं आहे. (हसू नका मंडळी! मला सायकलसुद्धा धड येत नाही हे घरच्यांना ठाऊक आहे. पण मोटारीचा इतिहास हा शेवटी इतिहासच, आणि तो माझा विषय.)

झालंय असं की आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडले आहेत. वादाचा विषय सुझुकीची जिम्नी. हिचीच एक थोडी लांब अंगाची बहीण १९८५च्या डिसेंबरात मारुतीनं ‘जिप्सी’ म्हणून आपल्याकडे आणली. पोलिसांनी वापरली, लष्करानं वापरली, आणि ताडोब्यात तर तिचं चक्क सामान्यनाम झालं. तिथे समोर कुठल्याही कंपनीची उघडी गाडी उभी असो, लोक विचारणार, ‘जिप्सी बुक केलीत का?’ तर आमचा भाचा म्हणतो, ‘मावशी, सुझुकीनं ही गाडी निर्माण केलीच नाही. दुसऱ्याची आयती विकत घेतली आणि आपलं नाव लावलं.’ जावईबापू म्हणतात, ‘घेतली तर घेतली! जगभर कुणी नेली? मूळ मालकाला जमलं का?’ दोघंही शिकलेले, दोघंही हट्टी. दोघांचं ऐकून घेऊन मी वाचायला बसले, आणि माझं मत दोघांपेक्षाही निराळं झालं. ते इथे मांडते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘जपान्यांनी काय, अमेरिकेच्या जीपची नक्कल केली’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास फेकलं जातं. आता तारखा बघा. जपानच्या सैन्यासाठी ‘कुरोगाने’ नावाची एक बुटकी, गोलसर मोटार १९३६पासून बनत होती. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळे. इंजिन दोन सिलिंडरचं आणि हवेवर थंड होणारं, म्हणजे मांचुरियाच्या थंडीत पाणी गोठायची भीती नाही. अशा सुमारे पावणेपाच हजार गाड्या झाल्या. आणि अमेरिकेत जीपचा पहिला नमुना उभा राहिला तो १९४०च्या सप्टेंबरात. म्हणजे ‘चार चाकं ओढणारी छोटी लष्करी गाडी’ ही कल्पना जपानला अमेरिकेकडून शिकावी लागली नाही.

चार चाकं ओढणारी म्हणजे काय, हे आमच्या सुमनमावशीसारख्या वाचकांसाठी सांगते. साध्या मोटारीत इंजिन दोनच चाकं फिरवतं, बाकीची दोन नुसती सोबत येतात. चिखलात ती दोन रुतली की संपलं. चिखलात रुतलेली बैलगाडी आठवा. दोन बैल ओढतायत, शिवाय मागून दोन माणसं चाकाच्या आऱ्यांना हात घालून रेटतायत. फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना असा हात लागणं. गिअरबॉक्सच्या जोडीला आणखी एक पेटी असते, ती हा जोर पुढच्या चाकांकडेही पाठवते. वेग कमी करून जोर वाढवणारा गिअरही बहुतेक वेळा त्याच पेटीत असतो. झालं, एवढंच.

आता त्या जीपचंच मूळ बघा, कारण ते आजच्या विषयाशी जवळचं आहे. अमेरिकन सैन्यानं १९४० साली कंपन्यांना सांगितलं, ४९ दिवसांत नमुना आणून दाखवा. तो आणून दाखवला बॅन्टम नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या अगदी लहान, जवळजवळ डबघाईला आलेल्या कंपनीनं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं काही दिवसांत आराखडे काढले आणि मुदतीच्या आत गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. सैन्याला ती आवडली. मग सैन्यानं काय करावं? तेच आराखडे विलिस आणि फोर्ड या थोरल्या कंपन्यांना दाखवले. कारण बॅन्टमला एवढ्या गाड्या बनवणं झेपणार नाही अशी शंका. पुढे विलिस आणि फोर्डनं मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. बॅन्टमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत, आणि मग ती कंपनी सैन्याला ट्रेलर बनवून देत बसली. युद्ध संपल्यावर ‘जीप’ हे नाव कायद्यानं विलिसचं झालं.

पण एक गोष्ट मला फार आवडली. ‘जीप आम्हीच घडवली’ अशा थाटाच्या जाहिराती विलिस करायची, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्यावर तक्रार चालवली आणि १९४८ साली बजावलं, असा दावा करू नका. बॅन्टमला त्यातून एक पैसा मिळाला नसेल. पण सरकारदरबारी कागद झाला. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला या कागदाची किंमत विचारा!

असो. जपानकडे वळू.

युद्धानंतर जपानमध्ये जीपसारख्या गाड्या बनू लागल्या त्या मोठ्या घराण्यांत. मित्सुबिशीनं विलिसचा रीतसर परवाना घेऊन १९५३पासून जीप बनवली. टोयोटानं १९५१ साली आपल्या ट्रकचं मोठं इंजिन घालून एक दणकट गाडी तयार केली. ती फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली तेव्हा पोलीस खात्यानं तिची मागणी नोंदवली. तिचं नाव आधी ‘टोयोटा जीप’ होतं, पण जीप शब्दाचा मालक दुसराच असल्यामुळे १९५४ साली ‘लँड क्रूझर’ झालं. या सगळ्या गाड्या अंगापिंडानं थोराड. सैन्याच्या, पोलिसांच्या, सरकारी खात्यांच्या. डोंगरातल्या एखाद्या लाकूडतोड्याला किंवा बर्फाळ खेड्यातल्या डॉक्टरला त्या परवडायच्या कशा?

दुसऱ्या बाजूला जपानमध्ये ‘केई’ नावाची छोट्या मोटारींची एक जात होती, अजूनही आहे. सरकारचं म्हणणं असं, की गाडी अमुक मापाच्या आत ठेवा, आम्ही कर कमी घेतो. आपण ज्या काळाबद्दल बोलतोय त्या काळात ते माप होतं लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि इंजिन ३६० सीसी. म्हणजे आपल्या बुलेटच्या इंजिनाएवढं! सामान्य जपानी माणसाची पहिली मोटार ही अशी असायची.

या केई मापात चारही चाकं ओढणारी गाडी बसवावी, असं टोयोटाला सुचलं नाही, मित्सुबिशीला सुचलं नाही आणि सुझुकीलाही सुचलं नाही. सुचलं ते टोकियोतल्या ‘होप’ नावाच्या एका लहानशा कंपनीला.

होप म्हणजे आशा. कंपनीचं नशीब मात्र नावासारखं नव्हतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं छोटे तीनचाकी टेम्पो बनवायला सुरुवात केली. त्या काळातल्या पहिल्यावहिल्या केई टेम्पोंमध्ये होपचं नाव घ्यावं लागतं. ते चाललेही. पण बाजार आहे असं दिसल्यावर थोरले उतरतातच. १९५७ साली डायहात्सूचा मिजेट आला, १९५९ साली माझ्दाचा के-३६० आला, आणि होप मागे पडत गेली. १९६५ साली तिनं मोटारी बनवणं बंदच केलं आणि बागेत, जत्रेत मुलांच्या करमणुकीची जी यंत्रं असतात ती बनवू लागली. इथे मला बॅन्टमचे ट्रेलर आठवले. ज्यांनी रस्ता दाखवायचा त्यांनी मग पोरांचे पाळणे फिरवायचे, असा काही जगाचा नियम आहे की काय कोण जाणे!

पण पाळणे फिरवता फिरवता या मंडळींच्या डोक्यातली मोटार गेली नव्हती. १९६७-६८च्या सुमारास होपनं पुन्हा एक गाडी बाजारात आणली, ‘होपस्टार ओएन-३६०’. मी तिचे फोटो बराच वेळ बघत बसले. दारं नाहीत. वर कापडी टप. पुढे दोन दिवे डोळे वटारून बघतायत. दिसायला जीपचं पोर, हे कबूल केलंच पाहिजे. इंजिन मित्सुबिशीकडून आणलेलं, ३५९ सीसी, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. म्हणजे ज्याला आपण स्कूटरचं इंजिन म्हणू, तशा जातीच्या इंजिनावर चारही चाकं ओढणारी डोंगरी गाडी. ही कल्पना कागदावर कुणी मला दाखवली असती तर मीसुद्धा डोक्याला हात लावला असता.

कल्पना चालली, धंदा नाही चालला. किती गाड्या झाल्या याचे आकडे वेगवेगळे सांगतात, पण मोजक्याच. आणि इतक्या थोड्या गाड्या करायच्या म्हणजे एकेक गाडी महाग पडणारच. पत्रा दाबायचे साचे हवेत, गावोगावी दुकानं हवीत, बिघडली तर दुरुस्त करणारा हवा. एवढं भांडवल होपकडे कुठून येणार? मित्सुबिशी, जिचं इंजिन होतं, तिनं ही गाडी उचलली नाही. तिच्या घरात थोरली जीप होतीच. मग १९६८ साली होपनं या गाडीचे हक्क सुझुकीला विकले.

आणि इथे गोष्टीत येतात ओसामू सुझुकी. यांच्याबद्दल आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे ते मारुतीमुळे. १९८२चा करार त्यांच्याच काळातला. पण १९६८ साली ते कंपनीचे अध्यक्ष नव्हते, एक संचालक होते. मला त्यांची मागची कथा जास्त रंजक वाटली. ते जन्मानं सुझुकी नव्हतेच! आडनाव मात्सुदा, गिफू प्रांतातल्या गेरो गावचे, बँकेत नोकरीला. १९५८ साली सुझुकी घराण्यातल्या मुलीशी लग्न झालं आणि जपानी रिवाजाप्रमाणे ते त्या घरात जावई म्हणून दत्तक गेले. आडनाव बदललं, नोकरी बदलली. तिथे हा रिवाज मानाचा. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक गालात हसतात. (आमच्या जावईबापूंनी हे वाक्य स्वतःवर घेऊ नये.)

तर असा स्वतः दुसऱ्या घरातून आलेला माणूस. त्यानं दुसऱ्याच्या घरातलं हे पोर उचलून आणायचं ठरवलं. कंपनीतल्याच लोकांचा विरोध होता असं सांगतात. असणारच. ज्याच्याकडे त्या गाडीचा बाजार होता त्यालाच ती विकता आली नाही, मग आपण कुणाला विकणार, हा प्रश्न काही मूर्खाचा नाही. मी त्या बैठकीत असते तर बहुधा विरोधकांच्या रांगेत बसले असते.

१९७०च्या एप्रिलमध्ये सुझुकीची गाडी आली, एलजे-१०, पहिली जिम्नी. आता भाच्याचं म्हणणं तपासू, ‘आयती विकत घेतली’. आयती म्हणजे काय? सुझुकीनं मित्सुबिशीचं इंजिन काढून आपल्या छोट्या ‘कॅरी’ ट्रकचं ३५९ सीसीचं इंजिन बसवलं, २५ अश्वशक्तीचं. अंगाचा पत्रा नव्यानं घडवला. खाली शिडीसारखी मजबूत चौकट, पुढेमागे सलग आस आणि पाट्यांच्या कमानी, १६ इंची मोठी चाकं. सगळं मिळून वजन ६०० किलोच्या आत.

या वजनात सगळी गंमत आहे. लहान इंजिन ही उणीव, असं आपण म्हणतो. पण गाडीच हलकी असेल तर ती चिखलात कमी रुतते आणि चढावर इंजिनाला कमी ओझं होतं. गल्लीएवढ्या जंगलवाटेवर थोरल्या जीपला वळता येत नाही तिथे ही वळते. हत्ती अडतो तिथे शेळी चढते, दुसरं काय!

आणि स्टेपनीची गोष्ट तर मला इतकी आवडली की मी ती फोनवर तिघांना सांगितली. जीपची स्टेपनी नेहमी मागे बाहेर टांगलेली असते. तशी टांगली तर या गाडीची लांबी ३ मीटरच्या वर जाणार, मग ती केई राहणार नाही आणि कर वाढणार. म्हणून सुझुकीच्या लोकांनी स्टेपनी उचलून गाडीच्या आत, मागच्या बाजूला एका माणसाच्या जागी ठेवली. त्यामुळे गाडी झाली तीन माणसांची. चौथ्याच्या जागी चाक! आपल्या चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं, शिलाई मशीन आणि देव्हारा बसवणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. जागा नसली की डोकं चालतं. मी तर म्हणेन, जिम्नीला जेवढं होपनं आणि सुझुकीनं घडवलं तेवढंच त्या ३ मीटरच्या नियमानं घडवलं.

किंमत ५ लाख येनच्या आत ठेवली होती. मग तिला घेणारे निघाले. डोंगरातली खेडी, बर्फाचा मुलूख, जंगलात आणि बांधकामावर काम करणारी माणसं. १९७२ साली पाण्यावर थंड होणारं इंजिन आलं. सरकारनं माप वाढवून ५५० सीसी केलं तशी गाडीही वाढली. १९७७ साली परदेशासाठी ८०० सीसीची काढली, १९८२ साली एक लिटरची. त्या एक लिटरवाल्या गाडीची लांबी वाढवून झाली आपली जिप्सी. २००७ साली तर चिलीच्या दोन गड्यांनी एक जुनी सुझुकी सामुराई (हिचंच अमेरिकेतलं नाव) थोडी सुधारून ओहोस देल सालादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटर उंचीपर्यंत चढवली. २०२३ साली पाच दारांची जिम्नी गुरुग्रामच्या कारखान्यातून निघू लागली, आणि २०२५च्या जानेवारीत तीच जपानमध्ये जाहीर झाली तेव्हा चार दिवसांत सुमारे ५०,००० लोकांनी नोंदणी केली. कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. ओसामू सुझुकी त्याच्या महिनाभर आधी, २५ डिसेंबर २०२४ला, ९४व्या वर्षी गेले.

तेव्हा भाच्याला माझं सांगणं असं, की बाबा रे, विकत घेणं आणि आयतं घेणं यांत फरक आहे. बाजारात पडलेली वस्तू सगळ्यांना दिसत होती. मित्सुबिशीला तर सगळ्यात जवळून दिसत होती. तिला ओळखणं, तिच्यासाठी आपल्या माणसांचा विरोध अंगावर घेणं, तिला परवडेल अशी करून गावोगावी पोचवणं, हेसुद्धा घडवणंच आहे. यशोदेनं काय आयता कृष्ण घेतला? दळणकांडण करताना त्याच्या खोड्या कुणी निस्तरल्या?

पण जावईबापू, तुमचंही मी मान्य करत नाही. ‘जगभर नेली त्याची’ हा न्याय लावायचा तर मथुरेच्या तुरुंगाचं काय करायचं? आपल्या लोकांनी याबाबतीत फार शहाणपण दाखवलं आहे. कृष्णाला आपण यशोदेचा कान्हा म्हणतो आणि त्याच तोंडानं देवकीनंदनही म्हणतो. दोन्ही नावं चालतात, एकानं दुसरं खोडलं जात नाही. जिम्नीच्या बाबतीत जगानं एकच नाव ठेवलं. गाडीचे वेडे चाहते होपचं नाव घेतात, पण ते आपसात. जाहिरातीत, वर्तमानपत्रात ‘सुझुकीनं १९७० साली निर्माण केलेली’ असं वाक्य छापून येतं आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मला खटकतं. पैसे देऊन हक्क विकत घेता येतात, पहिलं सुचणं विकत घेता येत नाही. ते ज्याचं त्याचंच राहतं.

कुणी म्हणेल, होपला पैसे मिळाले, राजीखुशीनं सौदा झाला, मग आता पंचावन्नपेक्षा जास्त वर्षांनी बाईंना का पुळका? सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, हातकणंगल्याकडचा. मराठीत जेमतेम पास व्हायचा, पण वर्गातला पंखा बंद पडला की शिपायाआधी तोच टेबलावर चढायचा. त्याचं शिरोलीला छोटं वर्कशॉप आहे. पाचसात वर्षं खपून त्यानं उसाला भर लावायचं एक लहान यंत्र केलं. ट्रॅक्टर उसाच्या सरीत शिरत नाही, बैल राहिले नाहीत, माणसं मिळत नाहीत. तर एका माणसानं मागून चालत हाकायचं हे यंत्र. आसपासच्या गावांत त्यानं काही विकली, पण वर्षाला किती करणार? गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीची माणसं त्याच्याकडे आली. यंत्र पाहिलं, शेतात चालवलं, आणि सगळे हक्क विकत घ्यायची तयारी दाखवली. रक्कम त्याच्या दृष्टीनं भली मोठी. करारात त्यानं एकच गोष्ट मागितली होती, की यंत्राबरोबर जी माहिती-पुस्तिका देतात तिच्यात मूळ आराखडा कुणाचा, हे लिहायचं. कंपनीकडून कागद परत आला तेव्हा नेमकी तीच ओळ खोडलेली होती.

त्यानं मला फोन केला. ‘बाई, सही करू का नको?’

मी वकील नाही, त्यातलं मला काही कळत नाही, हे त्याला आधी सांगितलं. तो म्हणाला, ‘वकिलानं सांगितलंय, पैसे मिळतायत तर घे म्हणून. म्हणून तर तुमाला विचारतोय.’

मग मी त्याला होपची गोष्ट सांगितली. होपनं विकली नसती तर काय झालं असतं? ती गाडी दोन-चार संग्रहालयांत धूळ खात पडली असती आणि डोंगरातल्या त्या माणसांना ती कधीच मिळाली नसती. तुझं यंत्रही तुझ्या शेडमध्ये राहिलं तर हातकणंगल्यापलीकडच्या शेतकऱ्याच्या काय उपयोगाचं? तेव्हा विकायचं नाही असं मी म्हणणार नाही. यंत्राला अडवून धरू नकोस. पण त्या ओळीसाठी भांड. पैसे थोडे कमी देतो म्हणाले तरी भांड. बॅन्टमला सरकारी कागद मिळाला, होपला तोही नाही. तुझ्या नातवाला ‘हे माझ्या आजोबांचं’ म्हणून दाखवायला छापील काहीतरी हवं की नको?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाई, त्या जपानवाल्यांनी मागितली व्हती का अशी ओळ?’

मी म्हटलं, ‘तू तर मागितलीयस ना? मग पुढे बोल.’

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. तीन बैठका झाल्या म्हणे. ओळ राहिली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, सर्व्हिस सेंटरच्या पत्त्यांच्या खाली, बारीक टायपात. ‘इतकी बारीक हाय बाई, की तुमाला भिंगच लागंल,’ असं म्हणून तो हसला. मी म्हटलं, भिंग आहे माझ्याकडे, एक प्रत पाठव.